बिल्ला

ऑस्लो, डिसेंबर. दुपारीच कलंडलेलं ऊन.
सेहिया कोट घेते, पितळी बिल्ला देते.
एकेचाळीस नंबरचा जड आहे,
खांद्यावरचा बर्फ अजून विरघळतोय.
यानेच तह केला म्हणतात.
तोफाही याच्याच होत्या, ते कुणी म्हणत नाही.
पण थांबल्या,
हेही खोटं नाही.
ती बाही झटकते.

वर टाळ्या.

तिच्या भावाच्या कोटाला चौदा वर्षांनी नंबर मिळाला,
द्रिनाकाठच्या गोदामात.
कोपरावर आईचं रफू, हिरव्या दोऱ्याचं.
सही करून घेतला.
आत कुणी नव्हतं.

तो जिना उतरतो, हातात पदकाची डबी.
खिसे चाचपतो. बिल्ला हरवलाय.
"तुम्ही ओळखताच मला," हसतो.

सेहिया वही पुढे सरकवते:
खूण सांगा.