काळ्याचा हिशेब

मार्च सरताना माकुळं येतात
किओज्जाच्या उथळ खाडीत, अंडी घालायला.
बाबा पिंजऱ्यात लॉरेलची फांदी बांधायचे,
ताजी, पानांसकट.
"बाळंतपणाला आडोसा लागतो," म्हणायचे
आणि स्वतःच ओशाळायचे,
कारण आडोसा म्हणजे पिंजराच होता.

सकाळी फांदीला काळी द्राक्षं लगडलेली.
द्राक्षं कुठली, अंडीच ती.
आईनं आपली थोडी शाई
एकेकावर चोपडून ठेवलेली,
तान्ह्याच्या गालावर तीट लावावी तशी.
माकुळं बाजारात जायची,
फांदी परत पाण्यात.
तेवढं पाप बाबांना झेपत नसे.

आठ वर्षांची होते, पहिली पिशवी फोडली तेव्हा.
सुरीचं टोक जरा खोल गेलं
आणि कोपरापर्यंत रात्र झाली.
नखांतून ती आठवडाभर हलली नाही.
शाळेत बाई म्हणाल्या, "हात दाखव, नीवेस."
मी ऐटीत दाखवले.

पादोव्हाच्या इस्पितळात
एक तरुण डॉक्टरीण
चिठ्ठीच्या पाठीवर निळ्या पेनानं मेंदू काढते.
मध्यावर एक रेघ, भुवईएवढी.
इथं काळं असतं, ती म्हणते,
जन्मतः नसतं, वयाबरोबर साचत जातं,
लोखंड धरून ठेवतं, नको ते धरून ठेवतं;
धरणाऱ्या पेशी गेल्या की रेघ फिकी पडते.
कातडी जन्मतः पांढरीफटक असली तरी
ही रेघ त्यांच्याही डोक्यात काळीच.
"माकुळाच्या शाईसारखी?" मी विचारते.
"सख्खी नाही. चुलत म्हणा."

बाबा इतका वेळ गप्प.
मग आमच्या बोलीत, बंदरावरच्या,
एवढंच विचारतात:
"गळतंय कुठून?"
तिला बोली कळत नाही.
मी सांगत नाही.

घरी लिलावाच्या जुन्या वह्या काढल्या.
सत्त्याऐंशी साली 'उल्देरिको पेन्झो'
अख्खी ओळ व्यापून बसलेला,
शेवटच्या अक्षराची शेपटी थेट समासाबाहेर.
व्यापारी म्हणत, पेन्झोची सही
म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
पाच वर्षांपूर्वी ती अर्ध्या ओळीवर आली.
गेल्या नाताळात मुंगीएवढी.
मला वाटलं होतं, चष्मा बदलायला हवा.

आणि मानेवर बघावं तर
साठ उन्हाळ्यांचं काळं जिथल्या तिथं,
कॉलरच्या रेषेपर्यंत राखलेलं.
ऊन आत शिरू नये म्हणून
कातडीनं रोज जी छत्री उघडली
तिची एक काडीही मोडलेली नाही.
बाहेर सगळं शाबूत, मालक.
गळती आतल्या खोलीत.

नावेवर आता अस्सान असतो, सेनेगलचा,
सेंट-लुईच्या कोळ्यांतला.
पहिल्या वर्षी बाबा त्याला म्हणाले होते,
"मला जे कमवायला जन्म गेला
ते तू अंगावर घेऊनच आलास."
अस्सान हसला नव्हता.
बाबांना ते कित्येक दिवस टोचत राहिलं.
आता तोच त्यांच्या कोटाची बटणं लावतो,
खालून वर, न बोलता,
दुसरीकडे कुठंतरी बघत.

काल पिंजरे टाकायचे होते.
बाबांनी हट्टानं सुतळी घेतली.
गाठ बसेना. पुन्हा. पुन्हा.
अस्साननं सुतळी काढून घेतली नाही,
फक्त म्हणाला,
"तुम्ही फांदी धरा, मला दोन्ही हात लागतील."
खरं तर त्याला एकच पुरतो.

बाबांनी फांदी धरली.
पाणी काचेसारखं, वारा पडलेला,
पलीकडच्या नावांची निशाणं लोंबत होती.
फक्त आमच्या लॉरेलची पानं
सळसळत होती,
गाठ बसेपर्यंत,
आणि बसल्यावरही.