वजनावर मिळालेली तबकडी

भुसावळच्या रविवारच्या बाजारात
पितळी नळांसोबत तोलून घेतली ती.
पाकिटावर फिकट शाई : फ्लोराला, नाताळ.
कुठल्याशा रेल्वे क्वार्टरातून निघालेली.

फिरकेकाका म्हणाले, वाजली तर वाजली.

आधी नुसती खरखर,
तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीला पाणी लावावं तशी.
मग ट्रम्पेट.

"हा गडी सम चुकवतोय,
की मुद्दाम खेळवतोय मला?"
उभा जन्म ख्याल ऐकलेले काका
मांडीवर बोटं मोजत राहिले.

मला मात्र आठवली
सातपुड्यातल्या होळीतली पावरी,
भोपळ्याच्या पोटातून, मेणाच्या फटीतून
असाच दम कोंडून सोडणारी.

बाहेर केळी भरलेल्या ट्रकचं
इंजिन बंद झालं.
"भो, पुन्हा लाव ना."

काकांनी शटर अर्धं ओढलं,
सुई परत कडेला ठेवली.
सम अजून सापडली नव्हती.