अठ्ठ्याण्णव

चार दिवसांसाठी माहेरी आले होते,
लेकरांचे दोन-दोन कपडे घेऊन.
मग नाकाबंदी लागली,
नवरा सातपूरला कंपनीतच अडकला,
आणि लग्नानंतर पहिल्यांदा
मी आईकडे लोणचं मुरेपर्यंत राहिले.

हे आधीच सांगून टाकते,
नंतर सांगायला जीभ उचलणार नाही:
त्या उन्हाळ्यात मी पोटभर हसले.

गडाची यात्रा बंद होती.
खानदेशातून पायी येणारी माणसं
दर चैत्रात आमच्या दारावरून जातात.
त्यांच्यासाठी भरलेला रांजण
यंदा चिमण्यांनीच उष्टा केला.
व्यापारी फिरकला नाही म्हणून
द्राक्षांचे बेदाणे घातले होते खळ्यात,
पोरं जाता-येता मुठी भरायची.

पुंजाकाकांनी पोरांना विहिरीत ढकललं.
म्हणजे खरोखरच ढकललं,
पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधून.
कार्तिकीला दोन, अवधूतला एकच,
"त्याच्या डोक्यात हवा आहे, भो, तो तरंगतो."
आणि स्वतः बुडी मारून तळाशी बसायचे.
आम्ही काठावर मोठ्यांदा मोजायचो,
चाळीस, पन्नास.
साठला कार्तिकी रडायला लागायची,
तेव्हा ते वर येऊन विचारायचे,
"किती झाले? खरं सांगा, चोरी नको."

मंदाताई गांगुर्डे, आमच्या आशाताई,
एक दिवसाआड यायच्या
पिशवीत ते बोटाचं मशीन घेऊन.
ओट्यावर रांग लागायची.
आईचं सत्त्याण्णव. तिला वाईट वाटलं,
"शाळेतही माझा एक मार्क कायम कमी."
अवधूतने ते शेळीच्या कानाला लावलं,
नुसत्या रेघा आल्या.
"नापास," काका म्हणाले.
माझं अठ्ठ्याण्णव. ताराकाकूचं अठ्ठ्याण्णव.
काकांचंही तेवढंच होतं, तेव्हा.

अक्षय्य तृतीयेच्या आधी कधीतरी सकाळी
चहाला वासच नाही म्हणाले.
काकूने गवती चहा पुन्हा खुडून आणला.

चौऱ्याऐंशी.
मंदाताईंनी बोट पुसलं,
दुसरं घेतलं, मग डाव्या हाताचं,
मग करंगळी.
"फर्स्ट क्लास आहे की," काका म्हणाले,
आणि पहिल्यांदाच त्यांच्या विनोदावर
कुणी हसलं नाही.

गाडीत स्वतः चालत जाऊन बसले.
चप्पल राहिली म्हणून उतरले,
पोरांना म्हणाले, मोठं माणूस असल्याशिवाय
विहिरीकडे जायचं नाही.

तिकडे सोपान एका इंजेक्शनसाठी
पंचवटी, द्वारका, गंगापूर रोड करत फिरला.
इकडे व्हिडिओवर काका
मास्कमधून बोलता येईना म्हणून
बोटं दाखवायचे.
आठ म्हणजे ऐंशी.
सातव्या दिवसापासून काकूने
बोटं मोजणं बंद केलं,
नुसता हात बघायची.

सोपान एकटाच परत आला,
काकांचा मोबाईल आणि चप्पल घेऊन.
बाकी काहीच दाखवलं नाही म्हणाला.
लोक फाटकापाशी भाकरीचे डबे ठेवून
लांबून हाक मारून जात होते.
काकू अंगणात बसली होती.
आम्ही सगळे चौदा दिवसांचे,
मी तिच्यापासून सात पावलांवर उभी होते.
सात. मी मोजली होती.
पुढे गेले नाही.

बेदाणे कुणी हलवले नाहीत, काळे पडले.

आता कार्तिकी शहरातल्या तलावात पोहते, फी भरून.
परवा म्हणाली, "मम्मी,
तो उन्हाळा किती भारी होता ना?"
मग स्वतःच गप्प झाली.
मी तिला रागावले नाही.

सोपानने उशिरा विकत घेतलेलं मशीन
काकूच्या सुईदोऱ्याच्या डब्यात असतं.
मी गेले की काढते, बोट अडकवते,
डोळ्यांना दिसत नाही म्हणून माझ्यापुढे धरते.
त्यातले सेल कधीच संपलेत.

"किती गं?"

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणते.

"खरं सांग."