आखूड टोक

गुजरीतल्या आमच्या बोळात
ऊन साडेबाराला येतं, एकला जातं.
तेवढ्यात ठसे बघून घ्यायचे.

ठशात सगळं उलटं असतं.
त्रिशूळाचं काही बिघडत नाही,
स्वस्तिक मात्र डावीकडं वळतं.
एकदा कुठल्याशा मंडळाचा पोरगा आला पावतीपुस्तक घेऊन,
ऐरणीवरचा ठसा बघून भडकला,
"हे असलं कुणाचं चिन्ह कोरताय?"
आबांनी शिशाचा तुकडा ठेवला, एक घाव घातला,
सरळ स्वस्तिक त्याच्या तळहातावर ठेवलं.
अजून कोमट होतं.
तो म्हणाला, "मग यातलं खरं कुठलं?"
आबा म्हणाले, "पावती कितीची फाडायची?"

पण सांगायचं होतं ते चौदा नंबरचं.
सहा टोकांची चांदणी.
कपिलतीर्थाजवळच्या भंगारातून वजनावर आणलेली
एक पितळी डबी होती, तिच्या झाकणावरची.
डबीत सुपारीचा भुगा. बाकी काही नाही.
ठसा कोरायला मला दिला.
आबा कागलला मयतीला गेलेले,
पुराचा आठवडा, लाईट नाही,
कंदिलाच्या उजेडात कलम घसरलं.
एक टोक तिळाएवढं आखूड पडलं.
आबांनी आल्यावर नखानं चाचपलं.
"राहू दे. पोलाद महाग आहे."

त्याला वीस वर्षं झाली.
दस्तगीर मुजावर डझनावारी ताईत नेतात.
ही सुलेमानची मोहर, म्हणतात,
आखूड टोक किब्ल्याकडं धरायचं.
नेमगोंडा उपाध्ये सहा टोकांत षट्काय जीव मोजतात,
आखूड तो वायुकाय,
डोळ्यांना दिसत नाही म्हणून.
शेवंता जोगतीण एवढंच म्हणते,
देवीनं एक बोट आत घेतलंय.

विद्यापीठातल्या एक बाई कॅलिपर घेऊन आल्या,
तीन दिवस माझ्याच स्टुलावर बसल्या.
वहीत वाचलं मी चोरून:
'करवीर परिसरातील ऱ्हस्वभुज षट्कोन,
बहुधा बाराव्या शतकाआधीचा.'
ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात चहा सांडला, राहून गेलं.

गेल्या महिन्यात ठसा चिरला.
नवा कोरला, कंपास लावून,
सहाही टोकं सारखी.
दुसऱ्याच दिवशी डझन परत.
"हे डुप्लिकेट आहे," मुजावर म्हणाले,
रागानं नाही,
आजाऱ्याची चौकशी करावी तसं.
उपाध्यांनी तर हातातच घेतलं नाही.

म्हणून आज पुन्हा नवं पोलाद.
पाच टोकं झाली.
सहाव्यावर कलम टेकवून बसलोय.
तेव्हा किती घसरला होता
ते हाताला आठवत नाही.
दोनदा घासून पुसलं.
माळ्यावरून कंदील काढला, लाईट घालवली,
तरी जमेना.

ऊन कधीच येऊन गेलं.
उंबऱ्याशी शेवंता बसलीय,
मधूनच विचारती,
"झालं का रं देवीचं बोट?"