कुलपांसकट

सोहार बंदरात कंटेनरच्या याद्या धुंडाळणारा प्रोग्राम
कुरियाकोसने लिहिला आणि तो कोट्टायमला निघून गेला.
सोर्स कुठेच नाही. उरली ती बायनरी.
तिला अरबी येतं, हमजा असो नसो, नाव ओळखते,
दादरहीम चहावाला जसा नुसत्या पावलांवरून ओळखतो
कुणाला साखर कमी.

फक्त एका वेळी एकच प्रश्न घेते.
माझ्या वेब सर्व्हरला धागे चाळीस.

आधी सगळ्यांना मिळून एकच नळी दिली.
नळी फुंकली सोनारे.
खजूर विचारणाऱ्याला टायर,
टायरवाल्याला कुणाचं तरी घरसामान:
शिलाई मशीन एक, गाद्या चार, पाळणा एक.
खलफानने फोन केला,
पाळणा चांगला आहे म्हणाला, पण माझा नाही.

मग प्रश्नागणिक फोर्क.
चालत्या सर्व्हरची हुबेहूब प्रत काढायची,
तिने बायनरीला बोलवायचं, उत्तर देऊन मरायचं.
दिवसा चाललं.
रात्री जहाज लागलं की अडायचं.
एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सीपीयू शून्य.

चौथ्या रात्री डीबगर लावून आत डोकावले.
पोरात एकच धागा येतो, ज्याने फोर्क म्हटलं तो.
एकोणचाळीस मागे राहतात.
कुलपं मात्र सगळी येतात,
त्या क्षणी जशी होती तशी.
लॉगच्या वहीला सतराव्याने कुलूप घातलेलं,
आणि इथे सतरावा नाहीच.
पोर दारात उभं. ओरडत नाही, धक्का देत नाही.

मी देवरुखहून निघाले त्या सकाळी
धाकट्या विश्रामने अबोला धरलेला.
कशावरून, ते आता मला सांगता येणार नाही.
बॅग तेवीस किलो भरली होती,
त्यात तो धरला नव्हता.

उपाय सापडला तो साधाच निघाला.
सर्व्हर उठतो तेव्हा एकटा असतो,
एकही धागा नाही, एकही कुलूप नाही,
तेव्हाच एक पोर वेगळं काढायचं.
ते सॉकेटपाशी बसेल. चिठ्ठी घेईल,
बायनरीला एकेक विचारेल,
उत्तरावर चिठ्ठीचाच नंबर घालून परत देईल.
तीस सेकंदांत बायनरी बोलली नाही
तर तिला मारून दुसरी उठवेल,
आणि मेलीची नोंद घेईल. हे विसरायचं नाही,
नाहीतर झोंबी साठतात.

तीन वाजता जहाज लागलं.
रांग हलली, हलत राहिली.
कुणीतरी पाळणा शोधला.
धक्का सात, उतरवला, एका ओळीत उत्तर.
तिकडे साडेचार.
विश्राम या वेळेला पोफळीचा पंप लावायला उठतो.
फोन हातात होता.

काचेवर घाम धरला होता, बंदराचे दिवे त्यात पसरलेले.
रुमाल घेऊन पुसायला गेले.
बाहेरच्या बाजूला होता.