दोन दिवस कमी

पासपोर्टावरचे शिक्के मी दोनदा मोजले, झुहुरा.
तीन ऑक्टोबर ते एकतीस मार्च :
एकशे ऐंशी.
कायद्याला एकशे ब्याऐंशी लागतात.
म्हणून या चौकोनात 'अनिवासी'.

ती म्हणाली, मस्कतला विमान चुकलं ना,
तेच ते दोन.

शिष्यवृत्तीला कर नाही.
व्याख्यानांच्या मानधनातून कॉलेजने कापलेले
बेचाळीसशे वीस परत येतील.
एवढ्यासाठी ती भाट्याहून चालत आली,
चपलांना खाडीचा चिखल,
पिशवीत माझ्यासाठी वाटाभर तिसऱ्या.

सगळं भरलं. मग ओटीपी.
तो गेला गुणवंती मयेकरणीच्या फोनवर,
सिम तिच्या नावाचं,
आणि गुणवंती गुडघाभर पाण्यात,
फोन प्लास्टिकात गुंडाळून कमरेला.
दहा मिनिटं सरली. पुन्हा पाठवला. पुन्हा सरली.
"अमावास्येची सुकती आहे,"
झुहुरा मला समजावते, चक्क मराठीत,
"पाणी वळल्याशिवाय ती वर येत नाही."

मग चहा.
माझा बाप तेवीस वर्षं जहाजावर होता.
त्याचे दिवस मीच मोजायचो,
बाहेर किती, घरी किती;
हा धंदा तिथेच शिकलो.
तोही बहुतेक वर्षं अनिवासी.
आईला तो शब्द मी कधी वाचून दाखवला नाही.

दिवेलागणीला फोन वाजला.
गुणवंतीने धापा टाकत आकडे सांगितले, एकेक,
टोपलीतल्या चिंबोऱ्या मोजाव्यात तसे,
शून्यावर जरा अडखळली.
आणि वर :
"पोरीला धाडा आता. भात निवतोय."

'कायमचा पत्ता'पुढे झांझिबार होतं.
तसंच ठेवलं.