परतीची नळी

कॉफीयंत्राच्या खोक्याचा पुठ्ठा
रात्रभर साबखाली सरकवून ठेवला होता.
सकाळी त्यावर सात थेंब,
आठवा माझ्या देखत पडला.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणे.
इथे साचत नाही, जळतं.
तापल्या लोखंडावर निळा धूर,
करपल्या लोण्याचा वास,
आणि सिग्नलला शेजारची गाडी काच वर घेते.

उर्पो कुंपणावरून म्हणाला, टर्बो गेला.
गेला असता तर शिट्टी वाजवत गेला असता, मी म्हटलं.
एकवीस वर्षं कारखान्यात मी दारांमध्ये तारा ओवल्या,
इंजिन माझं खातं नव्हतं.
पण गळती दिसते तिथे नसते,
एवढं कुणालाही कळतं.

म्हणून आधी सगळं धुऊन, पुसून, कोरडं.
मग त्यावर बटाट्याचं पीठ भुरभुरवलं,
इंजिन पाच मिनिटं चालू.
पिठात एक ओली रेघ उमटली
टर्बोच्या बुडाशी,
परतीच्या नळीच्या सांध्यातून.
चार युरोचं गॅस्केट.

बोथनियावरून वारा येतोय, बर्फ भुसभुशीत झालाय.
मी गाडीखाली उताणी,
आर्मास स्टुलावर बसून दिवा धरतो.
तीन वर्षं झाली, त्याचे हात थरथरतात,
त्यांच्याबरोबर बोल्ट, सावल्या, माझी बोटं.
उजेड जागेवर यायची मी वाट बघते,
आला की पाव फेरा.
पूर्वी पाना त्याच्याकडे असायचा,
दिवा माझ्याकडे, आणि शिव्याही मलाच.
आज एक माझ्या ओठांवर आली होती,
गिळली.

दुसरा बोल्ट पत्र्याआड.
दिसत नाही, फक्त लागतो.
तेल मनगटावरून बाहीत शिरतं.
पुस्तिकेचं पान कोपराने उलटते:
लांबच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद करू नये,
एक मिनिट चालू ठेवावे,
आतल्या दांड्याला तेल मिळू द्यावे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायची
अंगणात उभी गाडी, दिवे मालवलेले,
इंजिन चालू, आणि आत तो.
ताटातले बटाटे निवायचे.
सातू विचारायची, बाबा येत का नाहीत?
एका फेब्रुवारीत मी बॅग भरली होती.
ते त्याला अजून माहीत नाही.

खालूनच विचारते,
'तेव्हा बसून राहायचास, ते टर्बोसाठी?'
'हो.'
'इथे एक मिनिट लिहिलंय. तू दहा बसायचास.'
बराच वेळ नुसत्या पागोळ्या.
'थंडी फार असायची तेव्हा,' तो म्हणतो,
आणि दिवा भलत्याच बोल्टवर धरतो.

गॅस्केट बसलं. बोल्ट आवळले.
आधी ठिणगी न देता इंजिन फिरवलं, तेल वर चढू दिलं,
मग चावी त्याच्या हातात दिली.
दोन्ही हातांनी त्याने ती फिरवली.
धूर नाही.
मी आत आले, हात धुतले, खिडकीशी उभी राहिले.
तो बसलाय, इंजिन चालू.
घड्याळाकडे मी बघितलं नाही.

आज सकाळी पुठ्ठा पुन्हा काढला.
त्या जागी कोरडा.
पण मागच्या कोपऱ्यात एक थेंब, तांबूस, पातळ.
हे तेल नव्हे, दुसरं काहीतरी.
बघू,
आधी कॉफी.